काच खालीच होती

सत्तावीस वर्षं मी गाड्यांना रंग मारतोय, पण माझ्या छातीला काडीचाही त्रास नाही. पूर्वी हे मी फुशारकीनं सांगायचो. चहा पिताना, नव्या माणसांसमोर, मालकासमोर, ऐकायला कुणी सापडला रे सापडला की सुरू. आता कुणी विचारलंच तर "ठीक आहे" म्हणतो आणि दुसरं काहीतरी बोलायला लागतो.

गॅरेजमध्ये मला सगळे उस्ताद म्हणतात. बारक्या तेवढा दादा म्हणायचा, कारण तो माझा सख्खा भाऊ, अकरा वर्षांनी धाकटा. नाव बारक्या, पण अंगानं माझ्या दीडपट. दारातून आधी त्याचं पोट यायचं, मग तो. या धंद्यात त्याला मीच आणला. त्याच्या हातात पहिल्यांदा रंग मारायची गन मी दिली, गनची पकड मी शिकवली, आणि बाकीचंही जे शिकवलं ते मीच शिकवलं. तेच सांगायला बसलोय.

मी लग्न केलं नाही. त्याच्या घराच्या वरच्या खोलीत राहतो, दोन्ही वेळ जेवायला खाली. खाली तो, त्याची बायको आणि नऊ वर्षांची पोरगी. भावजय गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते, आमच्या गॅरेजपासून दोन गल्ल्या सोडून तिचं दुकान आहे. तोंडानं फटकळ. माझ्या ताटात वाढताना दोन शब्द सुनावल्याशिवाय तिचा हात पुढं होत नाही, पण वाढायला कधी कमी करत नाही. मला ती आवडते. मला घाबरत नाही ही एकच बाई.

आता रंगाचं सांगतो, ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गाडीचा रंग म्हणजे डबा उघडला आणि फासला, असं नसतं. त्यात हार्डनर घालावा लागतो. त्यानं रंग घट्ट होतो, ऊन-पावसाला दाद देत नाही. रंग पातळ करायच्या थिनरला वास येतो, इतका की नवा माणूस नाक धरून बाहेर पळतो. हार्डनरला वास नाही. आणि घात करतो तो हार्डनर. गनमधून सुटला की त्याचं धुकं होतं. दाट असतं तेव्हा दिसतं, विरळ झालं की दिसत नाही. दिसत नाही आणि वास नाही म्हटल्यावर माणसाला वाटतं, गेलं. गेलेलं नसतं.

म्हणून रंग मारायची खोली वेगळी, बंद, तिला आम्ही बूथ म्हणतो. आत पंखे, जाळ्या, दोन्ही बाजूंना दिवे. दारावर बाहेरून एक लाल दिवा. गन थांबल्यावर हवा साफ व्हायला आठ मिनिटं लागतात, तोवर तो लाल. तोवर तोंडावरचा मास्क काढायचा नाही, असा कागद भिंतीवर लावलाय. मास्क म्हणजे नाकाला बांधायचं फडकं नव्हे. डोक्याला पट्टा, तोंडासमोर वर-खाली होणारी काच, कमरेला नळी, आणि त्या नळीतून बाहेरची गाळलेली हवा सारखी तोंडाशी येत असते. चांगली वस्तू आहे. मालकानं घेतलेली ही एकच चांगली वस्तू, असं आम्ही म्हणायचो.

पण त्या काचेतून रंग दिसत नाही. चार दिवसांत तिच्यावर ओरखडे पडतात, थेंब बसतात, सगळं दुधातून बघितल्यासारखं. आणि रंगाची चूक तो ओला आहे तोवरच दिसते, तोवरच सुधारता येते. संत्र्याच्या सालीसारखी पुरळ आलीय का, कुठं ओघळ सुटतोय का, कडेला हात कमी पडलाय का. म्हणून शेवटचा हात मारून झाला की मी काच वर करायचो आणि दिव्याच्या तिरप्या उजेडात वाकून बघायचो. श्वास धरून. श्वास धरून असं आपलं म्हणायचं. रंगात जीव अडकलेला माणूस किती वेळ श्वास धरणार? दहा सेकंद, वीस सेकंद, कधी मिनिटभर.

बारक्याला हे मी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. तो काच खाली ठेवून अंदाजानं बघत होता. मी आत गेलो, त्याची काच बोटानं वर केली आणि म्हणालो, "बघ. ओल्या रंगाकडं उघड्या डोळ्यांनी बघायचं. काचेतून बघतो तो रंगारी नव्हे, तो नुसता शिंपडणारा."

भिंतीवरचा कागद दाखवून तो म्हणाला, "दादा, इथं तर लिहिलंय…"

"लिहिणाऱ्यानं कधी गाडी रंगवलीय?" मी म्हणालो. "माझ्याकडं बघ. मला काय झालंय?"

हे वाक्य मी किती वेळा, किती जणांना ऐकवलं असेल, त्याची गणतीच नाही. खरंच मला काही झालं नव्हतं.

बारक्या बारा वर्षांत माझ्या पुढं गेला. हे कबूल करायला मला आधी जड जायचं, आता जात नाही. त्याचा हात हलका होता. त्यानं रंगवलेल्या दारात लोक केस विंचरून घ्यायचे. माणसं लांबून गाडी घेऊन यायची आणि विचारायची, जाडा आहे का? म्हणजे मी समोर उभा असताना.

गेल्या वर्षी त्याला खोकला लागला. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. भावजय म्हणायची, "सुट्टीत घोरतो, कामाच्या दिवशी शिट्ट्या मारतो. एक रात्र झोपू देईल तर शपथ." मग ती हसायची थांबली. तिघं तिच्या माहेरी आठ दिवस राहून आले, तिथं म्हणे तो पोरीला खांद्यावर घेऊन टेकडी चढला. परत आल्यावर कामाच्या दुसऱ्याच संध्याकाळी आमच्या घराच्या जिन्यात सहाव्या पायरीवर बसला. माझ्या खोलीत यायला निघाला होता. मी वरून म्हणालो, "पोट कमी कर." त्याला बोलायलाही श्वास पुरत नव्हता.

भावजयीनं त्याला ओढत डॉक्टरकडं नेलं. मीही गेलो. डॉक्टर बाई होती, कमी बोलणारी. काय काम करता, कधीपासून, सुट्टीत कसं वाटतं, एवढंच विचारलं. मग म्हणाली, "काही माणसांचं शरीर हार्डनरवर उलटतं. एकदा उलटलं की कणभरही चालत नाही. मास्क घालूनही मग ते काम करता येत नाही. सोडावं लागतं, कायमचं."

"मी सत्तावीस वर्षं तेच करतोय," मी म्हणालो.

"तुमचं उलटलं नाही. त्याचं उलटलेलं असू शकतं." तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "पण मी अंदाजावर कुणाची रोजीरोटी काढून घेणार नाही. मोजून बघू."

तिनं त्याला एक फुंकायची नळी दिली. प्लॅस्टिकची, वर आकडे, जोरात फुंकलं की काटा पुढं सरकतो. दिवसातून चार वेळा फुंकायचं आणि कागदावर आकडा लिहायचा. चार आठवडे. कामाच्या दिवशी आकडा घसरला आणि सुट्टीला वर चढला, तर दोष रंगाचा. रेषा सरळ राहिली तर दुसरं काहीतरी. "कागद बघून ठरवीन," ती म्हणाली. "खरे आकडे लिहा. याच्यावर सगळं आहे."

पहिल्या सुट्टीच्या दिवशी त्याचा आकडा आला पाचशेवीस. कामाच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तीनशेचाळीस.

रंगाचे डबे ठेवायच्या खोलीत त्यानं मला तो काटा दाखवला. दार लावून घेतलं होतं. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याच वेळी आमच्याकडं चौदा शाळेच्या बस आल्या होत्या, रंगवायला, एवढं मोठं काम त्या गॅरेजनं बघितलं नव्हतं, आणि बसची लांब बाजू एका दमात ओघळ न सोडता मारणं त्याच्याशिवाय कुणाला जमणार नव्हतं. मला नाही. पण त्याला बसचं पडलं नव्हतं. तो म्हणाला, "दादा, मला दुसरं काही येत नाही."

"पॉलिश कर."

"तू केलं असतंस?"

मी हात पुढं केला. मग म्हणालो, "आण इकडं ती नळी."

मी फुंकलं. पाचशेसाठ. बारक्यानं काट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "जरा कमी फुंक. मला सुट्टीतसुद्धा एवढे येत नाहीत. डॉक्टर म्हणेल, याला झालंय काय?" मी दुसऱ्यांदा जरा दाबून फुंकलं. पाचशेदहा. त्यानं लिहिलं. आणि आम्ही दोघं हसलो. देवाशपथ सांगतो, त्या डब्यांच्या खोलीत पोट धरून हसलो, लहानपणी करायचो तशी चोरी केल्यासारखे. हसता हसता त्याला ढास लागली, मी पाठ चोळली.

मग चार आठवडे तेच. सकाळचा आकडा त्याचा, दुपारचा आणि संध्याकाळचा माझा. संध्याकाळी हात धुवायच्या आधी मी त्या खोलीत जायचो, फुंकायचो, कधी पाचशे, कधी पाचशेतीस, सारखा एकच आला तर संशय येईल म्हणून. रात्रीचा तो भावजयीसमोर फुंकायचा आणि आकडा स्वतःच वाचायचा. तिला काटा दिसू द्यायचा नाही.

डॉक्टर बाईनं कागद बराच वेळ बघितला. पेनाचं टोपण कागदावर आपटत होती. "रेषा सरळ आहे," शेवटी म्हणाली. तिला ते आवडलं नव्हतं, हे मला दिसत होतं. पण आकडे समोर होते. साधा दमा असेल म्हणाली, तोंडात मारायचा पंप दिला, काम करा पण मास्कशिवाय त्या खोलीत पाऊल टाकू नका म्हणाली, आणि तीन महिन्यांनी परत बोलावलं. बाहेर आल्यावर बारक्यानं माझ्या पाठीवर एवढी जोरात थाप मारली की मी पुढं गेलो.

भावजयीचं समाधान झालं नाही. कागदावर तिचा विश्वास नव्हता. त्याच्या छातीला कान लावून झोपणारी ती. त्या दिवशी जेवताना तिनं त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि म्हणाली, "शब्द दे. काच वर करायची नाही."

"अगं, मग रंग दिसत नाही."

"आंधळा मार. पण काच वर करायची नाही, मास्क काढायचा नाही. दादा काही का सांगेनात." माझ्याकडं बघून म्हणाली हे. "तू मला शब्द दे."

त्यानं तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. पोरगी बघत होती. मग ताट परत मिळालं.

आणि त्यानं तो पाळला. मला राग यायचा. तिसऱ्या बसच्या मागच्या बाजूला थोडी पुरळ आली, मला दोन तास घासून काढावी लागली. मी म्हणालो, "बायकोच्या चष्म्यातून रंग मारतोस का?" तो म्हणाला, "शब्द दिलाय, दादा." पाचवीला परत तेच झालं. मी गाड्यांचे पोचे काढणाऱ्या पत्रेवाल्यासमोर त्याला बोललो, वाटेल ते बोललो. तो ऐकून घ्यायचा आणि काच खालीच ठेवायचा. हळूहळू तो काचेतूनच शिकला. काच रोज बदलायची, दर तासाला पुसायची, दिव्यांची जागा त्यानं स्वतः हलवून घेतली. आठव्या बसला एक डाग नव्हता. म्हणजे जमत होतं. एवढ्या वर्षांत मला सुचलं नव्हतं, ते त्यानं दीड महिन्यात जमवलं.

पण खोकला गेला नव्हता. पंप तो दिवसाला दोनदा मारायचा, मग चारदा. मला दिसत होतं. मी विचारलं नाही.

नववी बस दुपारी घेतली. मी बाहेर दहावीच्या खिडक्यांवर कागद चिकटवत होतो. गनचा आवाज आम्हाला पाठ असतो, हात कुठून कुठं चाललाय हे न बघता कळतं. बसच्या मध्यावर आवाज थांबला. तिथं कुणी थांबत नाही, थांबलं की जोड दिसतो. मी दाराच्या काचेतून बघितलं. बारक्या मागच्या चाकाला टेकून खाली बसला होता. गन बाजूला पडली होती. दोन्ही हात तोंडावरच्या मास्कवर.

दिवा लाल होता. मी तसाच आत गेलो, तोंडावर काही न घेता. बस आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम दोन हात जागा, तिथं धुकं दाटून राहिलं होतं. त्याची छाती वर-खाली होत होती आणि आतून बारीक आवाज येत होता, किटलीचा येतो तसा. मला वाटलं, तो मास्क ओढतोय. गुदमरलाय, पट्टा अडकलाय, निघत नाहीय. दुसरं काही डोक्यातच आलं नाही. मी मास्कला हात घातला. त्याचे हात निघेनात. मी म्हणालो, "सोड, सोड, मी काढतो." त्यानं माझं मनगट धरलं, नखं लागली. मी जोर लावला. पट्टा तुटला. मास्क मी लांब फेकला.

"घे आता," मी म्हणालो. "श्वास घे. मोकळा घे."

त्याची कॉलर उघडली, पाठ चोळली. त्याचा एक हात पुन्हा पुन्हा जमिनीवरून पुढं जात होता, मास्क पडला होता त्या बाजूला. मला वाटलं, त्याचा तोल जातोय. मी तो हात धरून ठेवला.

असा किती वेळ गेला? दोन मिनिटं. जास्त नसेल. मग मला सुचलं की याला बाहेर काढलं पाहिजे, पण तो मला एकट्याला हलेना. पत्रेवाल्याला हाक मारली, दोघांनी ओढला. पंप त्याच्या आतल्या खिशात होता. आम्ही तोंडात मारला, पण आत ओढायला श्वासच नव्हता. अॅम्ब्युलन्स लवकर आली, उगाच कुणाला दोष देणार नाही. दवाखान्याच्या दारात त्याला उतरवला तेव्हा तो गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी तपासणीचा माणूस आला. बॅग, वही, शांत आवाज. मालक त्याच्या मागं मागं. त्यानं मास्क उचलला, नळीला जोडला, कॉम्प्रेसर सुरू करायला सांगितला आणि तळहात मास्कच्या आत धरला. मग गाळणीपाशी कसलीशी काचेची कांडी लावून बघितली.

"हवा व्यवस्थित आहे," तो म्हणाला. "पूर्ण दाबानं येतेय, स्वच्छ आहे. त्या वेळी या अख्ख्या खोलीत श्वास घेण्यासारखी हवा फक्त एवढ्यातच होती."

मी तिथं उभा होतो. त्याच्या हातातल्या मास्ककडं बघत होतो.

तो मास्क ओढत नव्हता. तो धरून बसला होता.

"त्याला दम्याचा अटॅक आधीच आला असणार," तो माणूस मालकाला सांगत होता. "रंग मिसळताना गेलं असेल नाकात, नाहीतर कडेनं शिरलं असेल. उलटलेल्या शरीराला तेवढं पुरतं. पण मास्क ठेवला असता, कुणी बाहेर ओढला असता, तर कदाचित वाचला असता. कदाचित नसताही. घाबरून मास्क काढतात माणसं. असं होतं." मग माझ्याकडं वळला. "आत आधी तुम्ही गेलात ना? तेव्हा मास्क कुठं होता?"

माझ्या मनगटावर चार ओरखडे होते. मी बाही खाली ओढली.

"खाली पडला होता," मी म्हणालो.

त्यानं लिहून घेतलं. मालकानं सुटकेचा श्वास टाकला, तो मी ऐकला.

मी घरी पोचायच्या आत ते घरी पोचलं होतं. मालकानं फोन केला होता, वाईट वाटतंय म्हणून, आणि त्यात मास्क बारक्यानंच काढला हेही सांगून टाकलं होतं. भावजय पलंगाला टेकून जमिनीवर बसली होती. तिची बहीण आली होती, शेजारच्या बायका होत्या. ती रडत नव्हती. ती शिव्या देत होती.

"मला शब्द दिला होता," ती म्हणत होती. "माझ्या हातावर हात ठेवून. खोटारडा. रंग बघायचा असेल. बस कशी दिसते ते बघायचं असेल. आता बघ म्हणावं. पोरीपेक्षा त्याला पत्रा प्यारा होता."

बहीण म्हणाली, "गेलेल्या माणसाला असं बोलू नये गं."

"का नको? मी काय मागितलं होतं? पैसा मागितला होता? एवढंसं मागितलं होतं." आणि पोरीकडं वळून म्हणाली, "तुझा बाप खोटं बोलून गेला, लक्षात ठेव."

पोरगी भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी दाराजवळच्या खुर्चीत बसलो. कुणीतरी मला पाणी दिलं. मी प्यालो.

तो दिवस असा गेला. पुढचाही. ती थकायची, गप्प व्हायची, पुन्हा कुणी भेटायला आलं की पहिल्यापासून सुरू. प्रत्येकाला तेच. शब्द दिला आणि मोडला. लोक माझ्याकडं बघून मान हलवायचे, बिचारा, भाऊ गेला. मी मनात म्हणायचो, आता बोलतो. हे लोक गेले की बोलतो. लोक जायचे, मी जिना चढून वर जायचो. मला दम लागायचा नाही. सगळ्या पायऱ्या मी एका दमात चढायचो, आणि वर जाऊन भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही तिघंच होतो. भावजयीनं कपाट उघडलं आणि त्याचे कपडे काढून एका चादरीवर टाकायला लागली. घडी करत नव्हती, फेकत होती. "हे घेऊन जा, दादा," ती म्हणाली. "कुणालाही द्या. मला घरात नकोत. उद्या पोरगी मोठी झाली आणि विचारलं, बाबा कसे होते, तर काय सांगू? दिलेला शब्द मोडून मेला असं सांगू?"

"त्यानं मोडला नाही," मी म्हणालो.

तिनं ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एक शर्ट चादरीवर पडला.

"मास्क त्यानं काढला नाही. काच खालीच होती. दोन्ही हातांनी धरून बसला होता. मला वाटलं, काढायला बघतोय. मी ओढला."

तिचा हात कपाटातच राहिला.

"सोडत नव्हता?" तिनं विचारलं.

"नव्हता." मी बाही वर केली. ओरखड्यांवर खपली धरली होती. तिनं लांबूनच बघितलं. जवळ आली नाही.

आता तोंड उघडलंच होतं, तर सगळं सांगितलं. डॉक्टरचा कागद, डब्यांची खोली, पाचशेदहा, पाचशेतीस. त्याचा आकडा तीनशेचाळीस होता आणि तो मी झाकला. आम्ही हसलो तेही सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, लपवायची ताकद संपली होती. ती चादरीवर, त्या कपड्यांतच बसली. मला वाटलं, ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तीन दिवस," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "तीन दिवस मी त्याला शिव्या घालतेय. पोरीसमोर. आल्या-गेल्यासमोर. आणि तुम्ही त्या खुर्चीत बसून ऐकत होतात."

"हो," मी म्हणालो.

तिनं आतल्या खोलीकडं तोंड करून पोरीला हाक मारली. पोरगी आली, दारात उभी राहिली, आईकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघायला लागली.

"बाबांबद्दल मी जे बोलले ते खोटं होतं," भावजय तिला म्हणाली. "खरं काय ते मोठे काका सांगणार आहेत. बस."

"मी?" मी म्हणालो.

"तुम्ही. आकड्यांपासून सांगा. मधलं काही गाळायचं नाही."

पोरगी माझ्यासमोर मांडी घालून बसली, आणि मी सांगायला लागलो.